खोटे नाणे कोणाच्या पदरात?

पोतदार हे आडनाव डोंबिवलीत दुर्मीळ नाही. माझ्याच ओळखीत तिघे आहेत. आडनावाचा अर्थ विचारला तर ‘सोन्याचांदीशी काहीतरी संबंध असावा’ एवढेच उत्तर मिळते. संबंध आहे, पण तो दागिन्यांपेक्षा नाण्यांशी अधिक आहे. पोत म्हणजे सरकारी खजिना, आणि त्यात जमा होणारे नाणे पारखून घेणारा तो पोतदार. गावगाड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे. सारा भरायला आलेल्या कुळाच्या मुठीतला रुपया तो दगडावर टाकून त्याचा आवाज ऐके, कसोटीवर घासे, तराजूत घाली आणि मग निवाडा देई. खणखणीत वाजले तर खरे, बद्द वाजले तर खोटे. आपण माणसांबद्दल आजही हेच दोन शब्द वापरतो, तेव्हा तो सगळा व्यवहार कानावर चालत असे हे लक्षातही येत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नाण्यांचा नाद तिशीत लागला आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय या दोन ठिकाणी बसून जे वाचता आले तेवढेच माझे शिक्षण. गेली काही वर्षे जिकडेतिकडे ‘क्वांटम’ हा शब्द ऐकू येतो. केंद्र सरकारने एप्रिल 2023मध्ये 6,003 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले, तेव्हापासून तर फारच. त्या वाचनात एक गोष्ट हाती लागली आणि मी खिळून गेलो. या साऱ्या क्वांटम गुप्तलेखनाचा उगम लष्करी संदेशांत नाही, हेरगिरीत नाही. तो आहे एका नोटेत. जिची नक्कल करणे सरकारला, चोराला, खुद्द छापणाऱ्यालाही निसर्गनियमाने अशक्य व्हावे अशा नोटेच्या कल्पनेत. नाण्यांच्या अभ्यासकाने अशा वेळी दोन जुने प्रश्न विचारायचे असतात. खरे-खोटे ठरवणार कोण? आणि खोटे निघाले तर ते कोणाच्या पदरात पडणार?

हे प्रश्न आपल्या भागात किमान दोन हजार वर्षे जुने आहेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण ‘कल्लिएना’ या नावाने येते. एकेकाळचे अधिकृत बंदर, पण पुढे सत्तासंघर्षामुळे तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो लेखक सांगतो. भडोचच्या बाजारात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांवर नफा देऊन जात आणि जुन्या ग्रीक राजांची नाणीही चालत. म्हणजे एकाच पेठेत तीन-चार राजवटींचे चलन. अशा पेठेत पारख्याशिवाय पान हलणार नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. तो नाणी पारखत होता असे लेख म्हणत नाही, पण सोनाराच्या गाठीला पैसा का होता याचा अंदाज करायला हरकत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने 70,000 कार्षापणांच्या दानाचा हिशेब कोरून ठेवला आहे आणि सोबत दरही दिला आहे: 35 कार्षापणांना एक सुवर्ण. विनिमयाचा दर दगडात कोरावासा वाटला, यातच त्या काळची काळजी दिसते.

त्याच नहपानाची नाणी 1906मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे एका घड्यात सापडली, 13,000हून अधिक. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. शालेय पुस्तके याला विजयाची निशाणी म्हणतात. ते खरेच, पण बाजाराच्या बाजूने पाहिले तर तो एक निवाडाही आहे: हा मुखवटा शत्रूचा, पण चांदी खरी, माझ्या राज्यात चालेल. जिंकणाऱ्या राजाने पोतदारकी केली, असे मी म्हणेन.

मधल्या दीड हजार वर्षांत उडी मारून मराठेशाहीत येतो, कारण तिथे कागद बोलतात. न्यायमूर्ती रानडे यांनी 1899मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मराठ्यांच्या राजवटीतील चलन व टाकसाळी यांवर एक निबंध वाचला. पेशवे दफ्तरातील नोंदींवर उभा असलेला हा निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी फारसा वाचलेला नाही, याची खंत वाटते. त्यातून दिसते ते असे, की टाकसाळ ही सरकारची एकट्याची नव्हती. रेवदंडा, नागोठणे अशा कोकणातल्या गावांतही खासगी माणसांना तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने मिळत. नाण्याचे वजन ठरवून दिलेले असे आणि हिणकस नाणे पाडल्यास शिक्षेची धमकी असे. परिणाम व्हायचा तोच झाला. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का, मल्हारशाही असे रुपयेच रुपये. प्रत्येकाचा कस वेगळा, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. बट्टा म्हणजे एक नाणे दुसऱ्यात बदलताना कापली जाणारी रक्कम. नावाला बट्टा लागतो तो इथूनच.

आजच्या डोळ्यांना ही बजबजपुरी वाटते. होतीच. सरफांनी आपली बट्ट्याची कमाई चोख ठेवली आणि कुळाच्या हातात पडताना रुपयाचे पंधरा आणे झाले. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती जी नंतर गेली. नाणे पारखण्याची विद्या आणि साधने नाण्याइतकीच सर्वत्र पसरलेली होती. दगड, कसोटी, तराजू आणि कान. निवाडा चुकला तर भांडायला समोर एक ओळखीचा माणूस होता. खरेपणा नाण्याच्या अंगात होता, चांदीत होता, आणि तो पाहायला राजधानीत जावे लागत नव्हते.

1835च्या कायद्याने कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला. 180 ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी, यंत्रावर पाडलेला. पोतदाराची गरज हळूहळू संपली, आडनाव उरले. आणि 1861च्या कायद्याने सरकारी कागदी नोट आली, तेव्हा खरी उलथापालथ झाली. कागदाला कस नसतो. तो वाजत नाही. त्याचा खरेपणा त्याच्यात नसतोच. तो दूर कुठेतरी, सरकारच्या वहीत असतो. पहिल्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या, राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या. इंग्लंडात हाताने केलेला कागद, त्यात पाणचिन्ह, छापील सही आणि क्रमांकाची नोंद एवढी तटबंदी होती. खोट्या नोटांचा असा सुळसुळाट झाला की ही मालिका मागे घेऊन 1867पासून वेगळ्या छपाईची नवी मालिका आणावी लागली. पाच-सहा वर्षांत हार! शिवाय देश चलनमंडळांत वाटलेला होता आणि नोट ज्या मंडळाची त्याच मंडळात वटवण्याचा कायदेशीर हक्क होता. लहान नोटांवरचे हे बंधन 1903 ते 1911 या काळात टप्प्याटप्प्याने उठले. तोवर कलकत्त्याची नोट कल्याणच्या व्यापाऱ्याला दिली तर बट्टा पुन्हा हजर.

त्या काळची एक रीत मला फार आवडते. मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठवायची तर ती मधोमध कापत. आधी एक अर्धे पाठवायचे, ते पोचल्याचे पत्र आले की दुसरे. वाटेत एक अर्धे चोरीला गेले तरी चोराच्या हाती नुसता कागद. म्हणजे नोट छापणाऱ्याने दिलेल्या सुरक्षिततेवर विसंबून न राहता व्यापाऱ्यांनी आपली कात्री वापरली. पाणचिन्हापेक्षा ही युक्ती मला जास्त हुशारीची वाटते.

नोटा विलायतेत छापून आगबोटीने आणण्याचा प्रकार 1928मध्ये संपू लागला. त्या वर्षी नाशिकच्या मुद्रणालयात पंचम जॉर्जची पाच रुपयांची नोट छापली गेली. त्यानंतरचा इतिहास हा एक न संपणारा पाठशिवणीचा खेळ आहे. सुरक्षा धागा, हाताला जाणवणारी उठावाची छपाई, रंग बदलणारी शाई, चढत्या आकाराचे आकडे. प्रत्येक युक्तीचे आयुष्य ठरलेले, कारण जे एका यंत्रावर करता येते ते दुसऱ्या यंत्रावर करता येतेच. अडचण होते, खर्च वाढतो, पण ‘अशक्य’ असे काही नसते.

स्टीफन वीझनर या तरुणाने नेमके हे ‘अशक्य’ शोधले. 1942चा जन्म. वडील जेरोम वीझनर हे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे विज्ञान सल्लागार. मुलगा 1960च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्याने एक टिपण लिहिले. त्याची कल्पना मी माझ्यासारख्या वाणिज्यवाल्याच्या भाषेत सांगतो.

प्रकाशाच्या सर्वांत लहान कणाला, फोटॉनला, एक कल असतो. समजा बँकेने नोटेत असे 20 कण कोंडून ठेवले. प्रत्येक कण चारपैकी एका कलाचा: उभा, आडवा, उजवीकडे तिरका किंवा डावीकडे तिरका. कोणत्या क्रमांकाच्या नोटेत कोणता कण कसा, याची नोंद फक्त बँकेच्या वहीत. आता गंमत अशी, की कण तपासण्याच्या दोन चाळण्या आहेत. एक उभे-आडवे ओळखते, दुसरी तिरके. योग्य चाळणी लावली तर उत्तर अचूक मिळते आणि कण जसाच्या तसा राहतो. चुकीची लावली तर उत्तर छापा-काट्यासारखे येते आणि कणाचा मूळ कल कायमचा पुसला जातो. पुन्हा बघू म्हणायची सोय नाही. बँकेला चाळणी माहीत आहे. नक्कल करणाऱ्याला नाही. तो अंदाजाने चाळणी लावतो. निम्म्या वेळा ती बरोबर असते. उरलेल्या निम्म्यांतही निम्म्या वेळा नशिबाने निभावते. म्हणजे दर कणामागे चारात तीन संधी. ऐकायला भरपूर वाटते, पण वीसही कण एकदम निभावण्याची शक्यता सुमारे 315त एक. शंभर कण ठेवले तर तीन लाख कोटींत एक. इथे शाई कमी पडत नाही, यंत्र कमी पडत नाही. अज्ञात अवस्थेतल्या कणाची हुबेहूब प्रत करताच येत नाही, हे 1982मध्ये वुटर्स व झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्धच करून दाखवले.

वीझनरचे टिपण मात्र नियतकालिकाने साभार परत केले. ते छापून आले 1983मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर दशकाहून अधिक काळाने. मधल्या काळात ते जिवंत राहिले ते त्याचा कॉलेजातला मित्र चार्ल्स बेनेट याच्यामुळे. 1979मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआन येथे एका परिषदेच्या वेळी बेनेट समुद्रात पोहत पोहत एका अनोळखी माणसाजवळ गेला आणि त्याला वीझनरच्या नोटेबद्दल सांगू लागला. तो माणूस म्हणजे माँट्रियलचा गणकशास्त्रज्ञ जिल ब्रासार. पुढे या तिघांनी ब्राइडबार्ट या चौथ्या सहकाऱ्यासह 1982मध्ये एक निबंध सादर केला. त्याच्या शीर्षकात होते, भुयारी रेल्वेची नक्कल न होणारी टोकने! नोटेऐवजी रेल्वेचे टोकन. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली त्या मार्गावर राहणाऱ्या माणसाला हे शीर्षक वाचून आपुलकी वाटल्याशिवाय कशी राहील? जाड पुठ्ठ्याचे, तारखेचा ठसा उमटवलेले तिकीट, मग यंत्रात घालून छाप उमटवायची कूपने, आता फोनवरचा पास, ज्याचे नुसते चित्र दाखवून चालत नाही. रेल्वे आणि प्रवासी यांच्यातला हा खेळ आम्ही रोज खेळतो.

आणि मग 1984. बेनेट आणि ब्रासार यांच्या लक्षात आले, की कण नोटेत साठवून ठेवणे फार कठीण आहे; पण त्यांचा स्वभाव साठण्याचा नसून धावण्याचा आहे. मग त्यांना धावू द्यावे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कण पाठवून गुप्त किल्ली ठरवावी. मध्ये कोणी डोकावले तर कण बिघडतील आणि चोर कळेल. ब्रासार यांना एका परिषदेत आपल्या पसंतीच्या विषयावर बोलण्याचे आमंत्रण होते, तिथे त्यांनी हा निबंध मांडला. ती परिषद भरली होती बंगळुरूला, डिसेंबर 1984मध्ये. त्या महिन्यात देश भोपाळच्या वायुकांडाने हादरलेला आणि लोकसभेच्या निवडणुकीत गुंतलेला होता. आज जगभर ‘बीबी84’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत या भूमीवर जाहीर झाली, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? वीझनर पुढे इस्रायलला गेला, तिथे त्याने बांधकामावर मजुरी केली आणि ऑगस्ट 2021मध्ये तो वारला.

आता माझे दोन प्रश्न. वीझनरच्या नोटेचे खरे-खोटे कोण ठरवणार? फक्त बँक. कारण वही तिच्याकडे. ती नोट भाजीवालीच्या हातात आली तर तिला ती तपासताच येणार नाही. तपासू गेली तर नोट खराब होईल. जगातले सर्वांत सुरक्षित चलन, आणि घेणाऱ्याने डोळे मिटून घ्यायचे! शास्त्रज्ञांनाही हे खुपलेच. कोणालाही तपासता येईल पण नक्कल करता येणार नाही अशी क्वांटम नोट शक्य आहे का, यावर स्कॉट आरनसन यांनी 2009पासून काम केले. 2012मध्ये पॉल क्रिस्तियानो यांच्यासह एक रचनाही सुचवली. पण मग संरक्षण केवळ निसर्गनियमाचे राहत नाही. एखादे गणित सुटायला अवघड आहे या विश्वासाचा टेकू लागतो. म्हणजे पोतदार गावात परत आणायचा तर तटबंदी थोडी खाली घ्यावी लागते.

दुसरी एक बाब तर रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातून उचलल्यासारखी आहे. वीझनरच्या योजनेत बँकेने खोटी ठरलेली नोट परत देता कामा नये, कारण मग चोर एकेक कण बदलून पुन्हा पुन्हा तपासायला आणतो आणि बँकेच्या ‘हो-नाही’तूनच तिची वही वाचून काढतो. 2014मध्ये तर असे दाखवले गेले, की फक्त खरी ठरलेली नोट परत दिली तरीही हुशार चोर हे साधू शकतो. उपाय एकच: तपासायला आलेली नोट ठेवून घ्यायची आणि खरी असेल तर बदल्यात नवी द्यायची. आपल्या बँकांना आज हाच नियम आहे, निदान त्याचा अर्धा भाग. काउंटरवर खोटी नोट आली की तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची, पावती द्यायची, परत द्यायची नाही आणि मोबदलाही द्यायचा नाही. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवायचे. पाच किंवा अधिक असतील तर गुन्हा नोंदवायचा.

नियम योग्यच आहे. परत दिली तर ती पुन्हा बाजारात जाईल. पण परिणाम काय होतो ते पाहा. खोटी नोट दहा हातांतून फिरते. नऊ जणांना तिने भाजी, रॉकेल, औषध मिळवून दिलेले असते. दहावा ती प्रामाणिकपणे बँकेत नेतो आणि नुकसान सगळे त्याचे. ज्याच्याजवळ तपासण्याचे साधन सर्वांत कमी, त्याच्याच पदरात ती अखेर पडण्याचा संभव सर्वांत जास्त. कुळाच्या रुपयाला लागणाऱ्या बट्ट्याचेच हे आजचे रूप, फक्त बट्टा सोळा आण्यांचा.

आणि वही? वीझनरच्या योजनेची सारी मदार बँकेच्या वहीवर आहे आणि भौतिकशास्त्र वहीची राखण करत नाही. आपल्या महाराष्ट्राला हे कोणी सांगायला नको. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी नोटांच्या नादी लागला नाही. त्याने मुद्रांक कागद धरला, ज्याची तपासणी कोणी करत नव्हते. त्याची यंत्रे होती नाशिकच्या सरकारी मुद्रणालयातून मोडीत निघालेली. नक्कल करायला त्याला पाणचिन्हाचे रहस्य फोडावे लागले नाही. आतली माणसे फोडली. 2001मध्ये तो अजमेरला पकडला गेला, 2006मध्ये 30 वर्षांची सक्तमजुरी झाली, 2017मध्ये तो वारला. त्याच्यानंतर राज्यात मुद्रांकाची पद्धतच बदलत गेली. कागदाच्या जागी संगणकातली नोंद आली. म्हणजे पुन्हा वही, फक्त दुसऱ्या प्रकारची.

क्वांटम नोट उद्या छापली जाणार नाही. 2021मध्ये चीनमधल्या हफेई इथल्या शास्त्रज्ञांनी एका खास स्फटिकात प्रकाश तासभर साठवून दाखवला, आणि ती मोठी बातमी ठरली. तासाभरात डोंबिवलीहून दादरला पोचता येते. पगाराची नोट महिनाअखेरपर्यंत टिकायला हवी. दरम्यान रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022पासून मुंबईसह चार शहरांत डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला आहे. त्याची पारख हातातला फोन आणि दूरची यंत्रणा मिळून करतात.

बाजार मात्र थांबलेला नाही. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडे मी हल्ली मुद्दाम पाहत उभा राहतो. खोट्या ॲपवर ‘पैसे गेले’ असे हिरवे चित्र दाखवून पळणारी मुले निघाली, तसे टोपलीशेजारी छोटे बोलके डबे आले. डबा रक्कम मोठ्याने उच्चारतो, आणि ती ऐकल्याशिवाय पिशवी हातात मिळत नाही. पाचशेची नोट आली तर अंगठा तिच्या दोन्ही कडांवरून फिरतो. तिथे पाच तिरप्या उठावाच्या रेषा असतात, शंभराच्या नोटेला चार. अंधांना नोट ओळखता यावी म्हणून छापलेल्या. ही खूण तिला कोणी शिकवली असे एका बाईंना विचारले. ‘बोटाला कळतं ना दादा,’ त्या म्हणाल्या आणि नोट कनवटीला लावून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.